पहिले बिऱ्हाड

‘पहिला’ या शब्दाचे आपल्याला भारी वेड आहे. वर्गात पहिला कोण, शिखरावर पहिला कोण, चंद्रावर पहिले पाऊल कुणाचे! मी तर या वेडाचा पगारी सेवकच आहे. मराठीतला पहिला शिलालेख कोणता, पहिली कादंबरी कोणती, असले प्रश्न मी गेली वीस वर्षे मुलांना घालीत आलो आहे आणि त्यांची उत्तरे तपासून गुण देत आलो आहे. यातली गंमत अशी, की कोणताही ‘पहिला’ फार दिवस निर्धास्त बसू शकत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली ओळ ही मराठीतली पहिली, असे कित्येक पिढ्यांनी घोकले. मग अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख पुढे आला आणि पायाशी बसलेल्या त्या ओळीला हळूच बाजूला सरकावे लागले. उद्या अक्षीलाही कुणी सरकायला लावणार नाही, असे थोडेच आहे?

आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत भूगर्भशास्त्राचे एक सहकारी माझ्या शेजारी बसतात. गृहस्थ तसे अबोल. पण दगड, वाळू, गाळ असा विषय निघाला की त्यांची कळी खुलते. “तुमचे ज्ञानेश्वर सातशे वर्षांपूर्वीचे ना?” असे ते मला अधूनमधून विचारतात आणि “म्हणजे कालचेच की!” असे म्हणून शांतपणे चहाचा घोट घेतात. एके दिवशी त्यांनी मला विचारले, “अमेरिकेत पहिला माणूस कोण गेला, सांगा पाहू.”

मी म्हटले, “कोलंबस म्हणालो, तर तुम्ही हसाल.”

“हसणारच! कोलंबस १४९२ साली त्या बेटावर उतरला, तेव्हा त्याला बघायला किनाऱ्यावर माणसं जमली होती. ती कुठून आली?”

हा प्रश्न आम्हांला पुढे महिनाभर चहाबरोबर पुरला. आता वाचकांना सांगायला हरकत नाही, की बिस्किटांपेक्षा तो पुष्कळच चविष्ट निघाला.

प्रश्न जुना आहे. होजे द आकोस्ता नावाचा एक स्पॅनिश पाद्री पुष्कळ वर्षे पेरू देशात राहिला होता. १५९० साली त्याने आपल्या ग्रंथात असा तर्क मांडला, की इथली माणसे जुन्या जगातूनच आली असावीत आणि तीही बहुतांशी जमिनीवरून, जिथे कुठे हे दोन भूभाग एकमेकांच्या जवळ येत असतील तिथून. त्या काळी उत्तरेकडच्या त्या टोकाचा धड नकाशाही नव्हता. व्हिटस बेरिंग त्या सामुद्रधुनीतून गेला तो १७२८ साली. पाद्रीबुवांचा तर्क जहाजाच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी तिथे पोचला होता.

आज सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये सुमारे ८५ किलोमीटर पाणी आहे. परंतु शेवटच्या हिमयुगात पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडले, की समुद्र सुमारे १२० मीटर खाली उतरला आणि तिथला उथळ तळ उघडा पडला. पुस्तकांत त्याला ‘पूल’ म्हणतात. पूल म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एक अरुंद पट्टी उभी राहते आणि तिच्यावरून ओळीने चाललेली, हातांत भाले घेतलेली दाढीवाली माणसे. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात ती अशीच चालत असतात. सर्वांत पुढे एक धिप्पाड पुरुष, कपाळावर हात धरून क्षितिज न्याहाळणारा. पण हा ‘पूल’ उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरहून अधिक रुंद होता. मुंबईहून निघावे आणि नागपूर मागे टाकून आणखी पुढे जावे, तरी त्याचा कठडा लागायचा नाही! त्यावर गवत होते, झुडपे होती, शिकार होती. पुलावरून जाणारा माणूस पलीकडे बघत असतो. या भूमीवर माणसे जन्मली, वाढली आणि मेली. आपण एका खंडातून दुसऱ्या खंडात चाललो आहोत, याची त्यांतल्या एकालाही कल्पना नसावी.

कल्पना आली ती आपल्याला, आणि ती येण्याची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. १९०८ सालच्या ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावाला महापुराने झोडपले. पुरानंतर जवळच्या एका कुरणावरचा मुकादम कुंपणे तपासायला घोड्यावरून निघाला. त्याचे नाव जॉर्ज मॅकजंकिन. १८५१च्या सुमारास तो टेक्सासमध्ये गुलाम म्हणून जन्मला होता. यादवी युद्धानंतर मोकळा झाला, स्वतःच्या खटपटीने लिहाय-वाचायला शिकला आणि आकाश बघायला दुर्बीण बाळगू लागला. पुराने खरवडून काढलेल्या एका ओहोळाच्या काठात त्याला खोलवर मोठमोठी हाडे दिसली. ती नेहमीच्या रानबैलाची नव्हेत, हे त्याच्या सरावलेल्या नजरेने ओळखले. ही जागा बघायला या, असे तो लोकांना सांगत राहिला. १९२२ साली तो वारला. १९२६ साली डेन्व्हरच्या संग्रहालयाने तिथे खोदकाम सुरू केले आणि पुढल्याच वर्षी, नामशेष झालेल्या रानबैलाच्या फासळ्यांत अडकलेले दगडी पाते पंडितांनी जागच्या जागी, डोळ्यांनी पाहिले. हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता, हे एका दिवसात सिद्ध झाले. मॅकजंकिनच्या नावाची आठवण मात्र विद्वानांना व्हायला आणखी चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

त्यानंतर त्याच राज्यातल्या क्लोव्हिस गावाजवळ मॅमथच्या हाडांबरोबर आणखी जुनी पाती सापडली. त्यांचे वय सुमारे १३,००० वर्षे. झाले! ‘पहिला’ मनुष्य सापडला. कॅनडावर पसरलेल्या दोन प्रचंड हिमस्तरांमध्ये एक वाट मोकळी झाली, तिच्यातून हे शिकारी खाली उतरले आणि बघता बघता त्यांनी खंड व्यापला, अशी कथा ठरली. ती इतकी नेटकी होती, की कित्येक वर्षे तिच्या दारावर पहारा बसला. १३,००० वर्षांपलीकडचे काही घेऊन कुणी आला, की त्याची कसून झडती होई.

टॉम डिलेहे यांची अशीच झडती झाली. दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाकडे, चिली देशात मॉन्टे व्हर्दे म्हणून एक जागा आहे. तिथे १९७७ पासून त्यांनी उत्खनन केले. दलदलीच्या गाळाने तिथली नाशवंत चीजवस्तूही राखून ठेवली होती. झोपड्यांचे लाकडी खुंट, त्यांना गाठी मारून बांधलेल्या दोऱ्या, रानबटाट्याचे तुकडे, समुद्रशेवाळ, आणि चुलीजवळच्या चिखलात उमटलेले एक लहानसे पाऊल. वय साडेचौदा हजार वर्षे, असे त्यांचे म्हणणे. ते ऐकून घ्यायलाच वीस वर्षे गेली. १९९७ साली नामवंत पुरातत्त्वज्ञांची एक तुकडी चिलीला जाऊन स्वतः पाहून आली आणि तिने मान्यता दिली. तिथल्या वयाचा वाद त्यानंतरही पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पण दारावरचा पहारा तेव्हाच ढिला पडला. माणसे बर्फ वितळण्याची वाट पाहत बसली नसावीत, ती पॅसिफिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, होड्यांतून आणि पायी खाली सरकली असावीत, असे आता पुष्कळांना वाटते.

आणि मग आली पावले.

न्यू मेक्सिकोतच व्हाइट सँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जिप्समच्या शुभ्र टेकड्या पसरल्या आहेत. छायाचित्रात पाहिल्या तर कुणी साखरेची पोती उलटी केली आहेत, असे वाटावे. हिमयुगात तिथे मोठे तळे होते. त्याच्या काठच्या चिखलातून माणसे गेली, हत्तीसारखे मॅमथ गेले, बैलाएवढे थोराड स्लॉथ गेले, आणि सगळ्यांची पावले गाळाच्या थरांत दबून राहिली. २०२१ साली त्यांतल्या काही मानवी पावलांचे वय प्रसिद्ध झाले: २१,००० ते २३,००० वर्षे! म्हणजे बर्फ अगदी ऐन भरात असताना माणूस त्याच्या दक्षिणेला येऊन चालत होता.

पहारेकरी पुन्हा जागे झाले. त्यांची शंका रास्त होती. हे वय पावलांच्या थरांत सापडलेल्या पाणगवताच्या बियांवरून काढले होते. पाण्यातली वनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषून घेते, त्यामुळे तिचे वय फुगू शकते. मग संशोधकांनी जमिनीवरच्या सूचिपर्णी वृक्षांचे परागकण त्याच थरांतून वेचले. एकेका नमुन्यासाठी सुमारे ७५,०००! शिवाय गारेच्या कणांवर सूर्यप्रकाश शेवटचा केव्हा पडला, तेही मोजले. २०२३ साली उत्तर आले, ते तेच. २०२५ साली तळ्याच्या गाळाची निराळी तपासणी झाली, पुन्हा तेच. माझे सहकारी हे सांगताना असे हसत होते, की जणू ते परागकण त्यांनी स्वतःच वेचले होते.

पण मला गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ही पावले होती कुणाची? तर त्यांतली बरीचशी पोरासोरांची! मोठ्या माणसांची थोडी, कुमारवयातल्या मुलांची आणि लहानग्यांची अधिक. मोठी माणसे कौशल्याच्या कामात गुंतलेली आणि ‘जा रे, ते घेऊन ये’, ‘जा गं, हे देऊन ये’, अशी हलकी कामे मुलांच्या माथी, असा संशोधकांचा अंदाज आहे. माझ्या डोळ्यांपुढले भिंतीवरचे चित्र एकदम पुसले गेले. तो धिप्पाड पुरुष कुठे गेला कोण जाणे. चिखलात उड्या मारीत पाच-सहा पोरे तेवढी उरली.

त्याच उद्यानात पावलांची आणखी एक मालिका आहे. तिचा वृत्तान्त २०२० साली प्रसिद्ध झाला. ती दहा हजार वर्षांहून जुनी आहे आणि दीड किलोमीटरपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत गेली आहे. चालणारी व्यक्ती बहुधा एक तरुण स्त्री, निदान अंगाने लहान असे कुणी. चिखल निसरडा, तरी चाल झपाट्याची. मध्येच पाय घसरला आहे. मध्येच डबके टाळायला लांब टांग टाकली आहे. पाऊल किंचित बाहेर वळून केळ्याच्या आकाराचे उमटले आहे, कारण अंगावर ओझे आहे. आणि ओझे कसले, तेही कळते. थोड्या थोड्या अंतरावर त्या पावलांच्या शेजारी अचानक इवलीशी पावले उमटतात. तीन वर्षांच्या आतले मूल! काही पावले, आणि पुन्हा नाहीशी. मूल खाली ठेवले, दम घेतला, पुन्हा उचलले. ती पुढे गेल्यावर तिच्या वाटेवरून एक मॅमथ आडवा गेला. त्याने तिची दखलही घेतली नाही. मग एक स्लॉथ आला. त्याला माणसाचा वास आला असावा. तो मागच्या पायांवर उभा राहून गरकन वळला. या सगळ्याच्या नंतर, काही तासांनी, तीच व्यक्ती त्याच वाटेने परत आली आहे. पण परतीच्या वाटेवर ती इवली पावले कुठेच नाहीत.

त्या मालिकेचे चित्र आमच्या सहकाऱ्यांनी मला मोबाइलवर पाठवले होते. संध्याकाळी घरी आल्यावर मी ते आईला दाखवले. आईचे वय सत्तर. वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि नवे काही सांगितले की ते तिला आधीच ठाऊक असते. मी तिला ते ओझ्याचे, केळ्याच्या आकाराचे, सारे रीतसर समजावून सांगितले.

“यात शास्त्र कसलं रे आलं?” आई म्हणाली. “कडेवर मूल असलं, की पाऊल बाहेर पडतंच.” मग तिने चष्मा सारखा केला आणि विचारले, “येताना मूल नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“म्हणजे ठेवून आली,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “कुणाकडे ठेवलंन असेल गं बाई!”

आमच्या घराण्याचा इतिहास आमचे काका सांगतात. लग्नकार्यात जेवणे झाल्यावर तो हमखास निघतो. त्याचा आरंभ ठरलेला: ‘१९७९ साली अण्णा मुंबईला आले.’ अण्णा म्हणजे माझे वडील. राजापूर तालुक्यातले आमचे गाव सोडून ते आले, गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले, आणि घराला बरे दिवस आले. इतिहास एवढाच. त्यात आई दुसऱ्या वाक्यात येते: ‘पुढल्या वर्षी वहिनींना आणलं.’ माझी ताई तेव्हा दोन वर्षे आजोळी राहिली होती, हेही मला ठाऊक होते. ‘तिला आजोळची हवा मानवली’, असे त्याचे वर्णन घरात होत असे. ती आजोळी पोचली कशी, हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते, आणि ते सांगण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटलेही नव्हते.

आईने ते त्या संध्याकाळी सांगितले. दहा बाय बाराची खोली, तिच्यात अण्णांचे दोन चुलतभाऊ आणि एकाची बायको. एका मुलापुरती जागा कशीबशी होती. “तू अंगावर पीत होतास. तुला ठेवता येईना,” आई म्हणाली. “ताई अडीच वर्षांची. तिला ठेवायचं ठरलं.” आईचे माहेर खाडीपलीकडे. रस्त्याने गेले तर मोठा वळसा. ओहोटी असली म्हणजे खाजणातून पायवाट निघे. मला सासूच्या मांडीवर देऊन, ताईला कडेवर घेऊन ती निघाली. भरती लागायच्या आत परत यायला हवे होते, म्हणून पाय उचलणे भाग होते. “हात भरून आले की खाली ठेवी. चार पावलं चाले, की पुन्हा ‘घे’ म्हणे. पुन्हा घेई.” माहेरच्या अंगणात ताई खेळात रमली आहे असे पाहून, तिला न सांगता आई मागल्या दाराने निघाली.

“येताना मोकळ्या हातांनी येत्ये, तर माझीच पावलं समोर,” आई म्हणाली. “ओला चिखल ना! आणि जिथं जिथं तिला खाली ठेवली होती, तिथं तिथं तिची. इतकी लहान पावलं. ती चुकवून चालत्ये मी, मोडू नयेत म्हणून.”

मी काहीच बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, “मग भरती आली असेल. गेली असतील.”

चार दिवसांनी ती मला घेऊन मुंबईच्या एस. टी.त बसली. दोन वर्षांनी स्वतंत्र खोली मिळाली, तेव्हा ताईला आणायला गेली. “ओळखलंन नाही मला,” आई म्हणाली. “आजीच्या पदराआड लपली. पण कडेवर घेतल्यावर गप्प बसली.” आणि ती उठून कुकर लावायला गेली.

त्यानंतर मी ही सारी हकीगत पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा तिच्यात मला जिकडे तिकडे लहान मुलेच दिसू लागली. १९६८ साली मॉन्टाना राज्यात अँझिक नावाच्या कुटुंबाच्या जमिनीवर माती काढणाऱ्या कामगारांना एक दफन सापडले. क्लोव्हिसच्या त्या सुप्रसिद्ध शिकाऱ्यांचे आजवर मिळालेले हे एकमेव दफन. तो शिकारी कोण? तर सुमारे दीड वर्षाचा मुलगा! त्याला तांबडी गेरू माखली होती आणि सोबत शंभराहून अधिक हत्यारे ठेवली होती. त्याला पेलली नसती अशी, पण मोठा झाल्यावर लागली असती अशी. २०१४ साली त्याच्या हाडांतून त्याची आनुवंशिक ओळख वाचली गेली. आजच्या अमेरिकेतल्या मूळच्या जमातींपैकी अनेकांचा तो रक्ताचा आप्त निघाला. २०२४ साली त्याच हाडांतल्या सूक्ष्म खुणांवरून आणखी एक गोष्ट कळली: त्याच्या आईच्या जेवणात सर्वांत मोठा वाटा मॅमथच्या मांसाचा होता. तो अंगावर पीत होता. मॅमथच्या शिकारीचा एवढा पक्का पुरावा, आणि तो आईच्या दुधातून आला!

अलास्कात तनाना नदीच्या खोऱ्यात ११,५०० वर्षांपूर्वीची दोन अर्भके शेजारी शेजारी पुरलेली मिळाली. त्यांतल्या एका मुलीचा वंश २०१८ साली उलगडला, तेव्हा असे दिसले, की तिची माणसे दक्षिणेकडे गेलेल्यांपैकी नव्हेत. ती मागे, उत्तरेलाच राहिलेली शाखा. तिथल्या मूळच्या लोकांनी तिला आपल्या भाषेत नाव दिले. त्याचा अर्थ ‘सूर्योदयाची मुलगी’. मराठीत आपण तिला सरळ ‘उषा’ म्हटले असते.

आता मला वाटते, की या साऱ्या प्रकरणाला ‘स्थलांतर’ म्हणण्यातच थोडी गडबड आहे. स्थलांतर हा नकाशापुढे उभे राहून उच्चारण्याचा शब्द आहे. त्यात बाण असतात, टप्पे असतात. माझ्या भाषेत याहून नेमका शब्द आहे: बिऱ्हाड. माणसाने अमेरिकेत स्थलांतर केले नाही. त्याने बिऱ्हाड हलवले. अलास्कापासून मॉन्टे व्हर्देपर्यंतचे अंतर पंधरा हजार किलोमीटरच्या घरात आहे. समजा, ते तोडायला त्याला दीड हजार वर्षे लागली. म्हणजे वर्षाला दहा किलोमीटर झाले. गिरगावातली खोली सोडून दादरच्या थोडे पलीकडे राहायला जावे, एवढेच! यात पराक्रम कुठे दिसतो? पण चूल उचलायची, पाण्याची सोय बघायची, म्हाताऱ्यांना सांभाळायचे, कुणाला मागे ठेवायचे आणि कुणाला कडेवर घ्यायचे ते ठरवायचे, आणि नव्या जागी पहिल्या रात्री मूल रडायचे थांबेपर्यंत जागायचे, हे सारे दर वेळी आहेच. दोन खंड असे व्यापले गेले आहेत. त्या प्रवासाचा वेग ठरवला तो भालेवाल्याने नव्हे. ‘घे’ म्हणणाऱ्या पोराने ठरवला.

तिथल्या मूळच्या जमातींतल्या पुष्कळ लोकांना तर ‘तुम्ही आलात केव्हा?’ हा प्रश्नच विचित्र वाटतो. आम्ही आलो नाही, आम्ही इथलेच, असे ते म्हणतात. पूर्वी मला यात केवळ श्रद्धा दिसली असती. आता वाटते, की त्यांच्या म्हणण्यातही एक सत्य आहे. ज्या घरातल्या कुणालाच आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो, हे एका आयुष्यात जाणवले नाही, त्या घराने ‘आलो’ तरी केव्हा म्हणावे? प्रत्येक जण जन्मला तिथलाच होता. अँझिकच्या त्या मुलाला २०१४च्या जूनमध्ये अनेक जमातींच्या लोकांनी एकत्र जमून, तो सापडला होता त्या जागेजवळच पुन्हा मातीत ठेवले. शास्त्रज्ञही तिथे उभे होते. त्याच्याकडून शिकायचे ते शिकून झाले होते. आता त्याला निजू द्यायचे होते.

‘पहिला कोण?’ हा प्रश्न परीक्षेत राहीलच, आणि अक्षीचा शिलालेख लिहिणाऱ्याला मी गुण देईनच. व्हाइट सँड्सच्या पावलांनाही उद्या कुणी बाजूला सरकायला लावील, तेव्हा माझे सहकारी चहाचा घोट घेऊन ती बातमी मला सांगतील, आणि मी ती आवडीने ऐकेन. पण काकांच्या इतिहासातले पहिले वाक्य यापुढे मला थोडे बदलून सांगावेसे वाटते. या दिवाळीत भाऊबीजेला ताई येईल, काकाही असतील. जेवणे झाली, की ते सुरू करतीलच: ‘१९७९ साली अण्णा मुंबईला आले.’ त्यांना पुढे जाऊ द्यायच्या आधी मी आईला म्हणणार आहे, “आई, खाजणातून गेलीस ते आधी सांग.”